गच्ची, फाटक, बाग : बाहेरच्या दिव्यांना कोणती फ्लेक्सिबल केबल टिकते? (सोलापूरचं ऊन धरून सांगा)

गच्चीवाला

नमस्कार मंडळी. घर जुळे सोलापुरात, वर मोकळी गच्ची. बाहेरच्या दिव्यांची वायरिंग नव्याने करायची आहे आणि केबल कोणती घ्यावी यावर घरात, दुकानात आणि वायरमनकडे तीन वेगळी मतं पडली आहेत, म्हणून इथे विचारतो.

गच्चीच्या कठड्यावर ५० वॅटचे दोन एलईडी फ्लड, फाटकाच्या खांबांवर १२ वॅटचे दोन दिवे आणि पुढच्या बागेत ९ वॅटचे सहा बुटके खांबदिवे, एवढं काम आहे. डीबीपासून (घराच्या मुख्य वितरण पेटीपासून) सगळ्यात लांबचा दिवा साधारण ४० मीटर.

सध्या कठड्यावरून पांढरी तीन कोअर (आत तीन वेगळ्या वायरी असलेली) पीव्हीसी फ्लेक्सिबल गेली आहे. जिथे ऊन लागतं तिथे ती पिवळी पडून कडक झालीय. कोपऱ्यावर वायर वळते तिथे तर भेगाच आहेत, नख लावलं की खडूसारखी भुकटी निघते. पण क्लिपखाली झाकला गेलेला भाग अजून कोरा करकरीत.

वायरमन म्हणतो २.५ चौरस मिमीची टाका, परत बघायला नको. दुकानदार म्हणतो रबर घ्या. सासरे म्हणतात पाइपातून नेली असती तर ही वेळच आली नसती. कोणाचं ऐकू?

शेंगाचटणी

सासऱ्यांचं. केबल कोणती का घ्या, ऐका मात्र सासऱ्यांचं.

पाहुणा_पुण्याचा

सोलर दिवे लावा की. वायरचा प्रश्नच मिटला.

शेंगाचटणी

ऊन आमच्याकडे फुकट आहे हे खरं. पण त्या स्वस्तातल्या सोलर दिव्यांच्या बॅटरीचं पुढं काय होतं ते आमच्या गल्लीत येऊन बघा. रात्री आठ वाजता सगळे झोपलेले असतात, दिवे धरून.

धोटा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यांचं मेंटेनन्स बघतो. शेडबाहेरचे दिवे, पाण्याच्या टाकीवरचे दिवे हे रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मालक, तुमचं उत्तर तुमच्याच क्लिपखाली आहे. तांबं एकच, लोड एकच, तरी झाकलेला भाग चांगला आणि उघडा भाग गेला. म्हणजे वायर लोडने तापून गेलेली नाही, आवरण उन्हाने खाल्लंय. मग २.५ टाकून काय होणार? तांबं जाड होईल, वरचं पांढरं पीव्हीसी तेच राहील आणि परत त्याच कोपऱ्यावर फुटेल.

आधी लोडचा हिशोब. १०० अधिक २४ अधिक ५४, म्हणजे १७८ वॅट. २३० व्होल्टला एक अँपिअरसुद्धा होत नाही. १.५ चौरस मिमीच्या फ्लेक्सिबल तांब्याचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम (आयएस ८१३०, क्लास ५). ४० मीटर जाऊन यायचे ८० मीटर, म्हणजे एक ओहमच्या आसपास. सगळा लोड अगदी शेवटच्या टोकाला धरला तरी व्होल्टेज एका व्होल्टनेसुद्धा पडत नाही. १.५ पुरून उरते. त्याच्या खाली मी बाहेरच्या कामाला जात नाही, पण ते करंटसाठी नाही. बारीक वायर ओढताना, क्लिप ठोकताना, शिडी टेकवताना मार खाते, एवढंच कारण.

आता आवरण. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. गच्चीवरच्या उष्णतेने तो हळूहळू निघून जातो आणि वायर परत मूळच्या कडकपणावर येते. दुसरीकडून अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत असतात. तुमच्या नखाला लागते ती भुकटी त्यामुळे. काळ्या आवरणात कार्बन ब्लॅक असतो, तो किरण वरच्या वर शोषून घेतो. म्हणून उघड्यावर पांढरी किंवा करडी वायर नको, मग ती कितीही नामांकित कंपनीची असो. घरात भिंतीशी रंग जुळवायला ती ठीक आहे.

रबरात दोन दर्जे बाजारात फिरतात. परदेशी कॅटलॉगमध्ये एच०५आरएन-एफ आणि एच०७आरएन-एफ असं लिहिलेलं दिसेल. त्यातला आर म्हणजे आतलं रबर, एन म्हणजे वरचं निओप्रीन, एफ म्हणजे फ्लेक्सिबल. ०५ हलकी, ३००/५०० व्होल्टची, ०.७५ आणि १ चौ. मिमीत मिळते. ०७ जड, ४५०/७५० व्होल्टची. आपल्याकडे रबराच्या केबलला आयएस ९९६८ भाग १ लागू आहे आणि दुकानात ‘ईपीआर-सीएसपी’ किंवा ‘ईपीआर-पीसीपी’ म्हणून मागितली तर जाणकार दुकानदार बरोबर काढून देतो. ईपीआर हे आतलं रबर, सीएसपी किंवा पीसीपी (म्हणजे निओप्रीनच) हे वरचं. ही दोन्ही वरची आवरणं ऊन, ओझोन, तेल चांगली सोसतात. साध्या रबराला मात्र ओझोनने बारीक आडव्या चिरा जातात, जुन्या टायरच्या बाजूला दिसतात तशा. तेव्हा नुसतं ‘रबर द्या’ म्हणून चालत नाही.

आणि अख्खी ४० मीटर फ्लेक्सिबल कशाला? भिंतीवर कायमची बसणारी, न हलणारी लाइन ही फ्लेक्सिबलची जागाच नाही. तिथे काळी आर्मर्ड (आत पोलादी तारांचं कवच असलेली) किंवा पाइपातली वायर न्या, दिव्याजवळ जंक्शन बॉक्स बसवा आणि बॉक्सपासून दिव्यापर्यंत मीटरभर चांगली फ्लेक्सिबल. फ्लडचा कोन बदलायचा असतो, बागेतला खांब कधी उपटून रंगवायचा असतो. लवचिकता तेवढ्यापुरतीच लागते. मग मीटरभरासाठी सगळ्यात भारी रबर घेतलं तरी खिशाला कळत नाही.

भीमाकाठ

एवढं काय करलालाव ओ? आमच्या मळ्यात बोअरची तीन कोअर फ्लॅट केबल उरती, तीच वस्तीच्या दिव्याला वढलीय. पाण्यात वर्षानुवर्षं बुडून असती, तिला पावसाचं काय कौतुक? विहिरीजवळच्या खांबावर मी लावलेली अजून चालू हाय.

धोटा

चालते, नाही म्हणत नाही. पाण्याला ती चांगलीच, बनवतातच त्यासाठी. पण बोअरमध्ये अंधार असतो अण्णा, ऊन नसतं. आणि घरच्या दिव्यांना ती लावताना दोन अडचणी येतात. एक, चपटी असल्याने दिव्याच्या ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथल्या आवळायच्या बुचात) नीट आवळत नाही, दोन्ही कडांना फट राहते आणि पाणी तिथूनच आत जातं. दोन, तिचे रंग लाल, पिवळा, निळा. तीन फेजचे. त्यात हिरवा नाही. मग कोणी निळ्याला अर्थ (जमिनीला जोडायची सुरक्षेची वायर) धरतं, कोणी पिवळ्याला, आणि पुढच्या वेळी दुसरा वायरमन येतो तो निळा न्यूट्रल समजून जोडतो. वापरायचीच तर दोन्ही टोकांना अर्थच्या कोअरवर हिरवी स्लीव्ह चढवा. विसरायचं नाही.

भीमाकाठ

स्लीव्हचं पटलं. रविवारी चढवतो.

माळढोक

गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं काम करतो. सोलरची डीसी केबल उरते, ती लोक मागून नेतात, म्हणून तिच्याबद्दल.

उन्हासाठी याहून चांगली केबल घरगुती कामात दुसरी नाही. वरचं-आतलं दोन्ही आवरण क्रॉसलिंक केलेलं (साखळ्या एकमेकींना बांधलेलं), तांब्याला कथील, डिझाइनच २५ वर्षं उघड्यावर राहण्याचं. एच१झेड२झेड२-के असं छापलेलं असलं तर ती १५०० व्होल्ट डीसीची आणि एसीलाही १००० व्होल्टपर्यंत चालते. तेव्हा २३० ला लावली म्हणून काही बिघडत नाही.

पण ती एकेरी कोअरची. फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन वेगळ्या वायरी ओढाव्या लागतात आणि दिव्याच्या एका ग्लँडमध्ये तीन वायर घातल्या की पुन्हा फट. शिवाय सोलरवाल्यांनी ती फक्त लाल आणि काळ्यात आणलेली असते. पुढे कोणी गच्चीवर काम करायला आला आणि त्याला ती डीसीची वाटली तर? मी माझ्या घरी लावली नाही, गिऱ्हाइकालाही सांगत नाही.

मांडववाला

गणपती, लग्नं, आणि जानेवारीत गड्डा यात्रेला होम मैदानावर स्टॉलची लाइट, हे सगळं आम्ही करतो. आम्ही रबरच वापरतो आणि वर्षानुवर्षं टिकते. पायाखाली येते, गाडी जाते, चिखलात पडते. गुंडाळली की गुमान गुंडाळते, पीव्हीसीसारखी पीळ धरून बसत नाही. दुकानदार बरोबर बोललाय.

धोटा

तुमच्या कामाला रबरच, वाद नाही. पण तुमची केबल उरलेलं वर्ष गोदामात सावलीत झोपलेली असते. गच्चीवाल्यांची बारा महिने दक्षिणेकडच्या कठड्यावर. ओढाताण सोसणं वेगळं आणि ऊन सोसणं वेगळं. मांडवातल्या अनुभवावरून कठड्याचा अंदाज काढू नये, एवढंच.

अजून एक, जे फारसं कोणी सांगत नाही. एच०७आरएन-एफ प्रकारच्या रबर केबलची आतल्या तांब्याची मर्यादा सर्वसाधारण ६० अंशांची. साध्या पीव्हीसीची ७०, एक्सएलपीईची (क्रॉसलिंक केलेल्या पॉलिइथिलीनची) ९०. म्हणजे रबर म्हटलं की उष्णतेलाही भारी असं समजायचं कारण नाही. तुमच्या लोडला तांबं तापतच नाही, म्हणून चालून जातं. त्याच केबलवर उन्हात मोटर चालवायची म्हटली तर विचार करावा लागेल.

मांडववाला

हे ६० चं माहीत नव्हतं. जनरेटरच्या लाइनला उन्हाळ्यात केबल हाताला लागेना इतकी तापते ती त्यामुळेच वाटतं.

धोटा

जनरेटरच्या लाइनला बहुधा गुंडाळी न सोडता वापरत असाल. अर्धी केबल रीळावर तशीच राहिली की उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही. पूर्ण उलगडून टाका, फरक लगेच दिसेल.

गच्चीवाला

धोटा, मुद्दा लख्ख कळला. आता बागेचं सांगा. दुकानदार म्हणतो बागेत १२ व्होल्टचे दिवे घ्या, शॉक लागत नाही, मग केबल कोणतीही चालते.

धोटा

शॉकचं खरं. ‘कोणतीही चालते’ हे खोटं, उलट तिथे जाडी बघावी लागते. ५४ वॅट १२ व्होल्टला म्हणजे साडेचार अँपिअर. २५ मीटर अंतर, १.५ ची वायर, सगळे दिवे टोकाला धरले तर तीन व्होल्ट वायरमध्येच जातात. शेवटच्या दिव्याला नऊ व्होल्ट. पहिला लखलखीत आणि शेवटचा मलूल असं दिसतं ते त्यामुळे. ४ ची वायर घेतली तर तोटा सव्वा व्होल्टच्या आत येतो. लहान मुलं आणि पाणी घालणारा माळी बागेत सतत असतात, तेव्हा १२ व्होल्ट माझ्याही मनातलं आहे. पण ट्रान्सफॉर्मर बागेच्या मध्यावर ठेवा आणि दोन बाजूंना दोन लाइन सोडा. अर्धं अंतर, अर्धा करंट.

रेघोटी

आर्किटेक्ट आहे, होटगी रोडला काही घरांची कामं झाली. केबलवर इतकं बोलणं चाललंय, पण माझ्याकडे जे दिवे बिघडून येतात त्यातले निम्मेअधिक केबल फुटून नाही, केबल आत शिरते तिथून जातात. दिवा आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न शिरू देणारा) विकत घ्यायचा आणि त्याला चपटी वायर किंवा दोन सुट्या वायरी ग्लँडमधून घालायच्या. आयपी ६५ तिथेच संपला. ग्लँडमधलं रबर गोल केबलवरच नीट बसतं.

एका घरी फाटकावरचा दिवा सारखा बंद पडायचा. ग्लँड चांगला, गास्केट चांगलं, सिलिकॉन वरून फासलेलं. उघडल्यावर आत चमचाभर पाणी. वायरमनने केबल कापून बघितली तर तांब्याच्या तारांवर हिरवी पूड आणि कोअरच्या मधली भरणाची दोरी ओलीचिंब. पाणी दिव्याच्या तोंडातून आलंच नव्हतं. दीड मीटर वर टेपचा जॉइंट होता, तिथून ते केबलच्या आतून, तारांच्या मधल्या फटींतून झिरपत खाली दिव्यात उतरलं होतं.

माळढोक

अगदी. आणि दिवा स्वतःच पाणी ओढतो. लागला की आतली हवा तापून बाहेर पडते, विझला की थंड होऊन आत ओढली जाते, आणि त्या वेळी केबलच्या टोकाला ओल असेल तर तीही. आमच्याकडे वळीव तापलेल्या गच्चीवर पडतो तेव्हा हे एका झटक्यात होतं.

गच्चीवाला

मग जॉइंट कसा करायचा? माझ्याकडे काळी टेपच आहे सगळीकडे.

धोटा

पीव्हीसी टेप उन्हाळ्यात चिकटा सोडते आणि सुटते. उघड्यावर जॉइंट करूच नका हे पहिलं. करायचाच तर जंक्शन बॉक्सच्या आत. बॉक्सबाहेर नाइलाज झाला तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी), किंवा स्वतःत मिसळून एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळायची आणि तिच्यावर संरक्षणाला पीव्हीसी टेप.

फ्लेक्सिबलच्या बारीक तारा स्क्रूखाली तशाच पिळून घालू नका, पिन लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून घाला. काही जण टोकाला डाख देतात, ते स्क्रू टर्मिनलला वाईट. डाख दाबाखाली हळूहळू बसतो आणि स्क्रू सैल होतो.

दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे ती खालून वर चढून ग्लँडमध्ये जाईल. केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाला गळून पडतं.

शेंगाचटणी

झोल देण्यात आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा हात कोणी धरणार नाही. फक्त केबलला द्यायचा राहून गेला.

रेघोटी

हाहा. खारींचं कोणीच बोललं नाही? नारळ-आंब्याची झाडं असलेल्या कंपाउंडमध्ये खारी वायर कुरतडतात, आणि मऊ रबर तर आवडीने. जमिनीलगत घुशी. झाडाजवळून जाणारा भाग मी आर्मर्डच ठेवायला सांगते. फ्लेक्सिबलचा तुकडा असेल तिथे पीव्हीसीचा लेप असलेली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) फ्लेक्सिबल नळी चढवायची, नुसती जीआय गंजते.

गच्चीवाला

आमच्याकडे आंबा आहेच, आणि त्यावर खारींचं अख्खं खटलं. बागेतली केबल जमिनीतून न्यायची तर आर्मर्ड किती खोल?

धोटा

दोन-अडीच फूट, वाळूत, वर विटा. पण काळ्या मातीत एक काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात ती हातभर फाटते आणि पावसाने फुगते. केबल ताठ ओढून पुरली असेल तर ती माती तिला ग्लँडमधून ओढून काढते. चर खणल्यावर केबल थोडी नागमोडी टाका, प्रत्येक खांबाशी एखादा फूट जास्तीची गुंडाळी ठेवा. मुरमाची जागा असेल तर एवढा त्रास नाही. आर्मर्डला काटकोनात मुडपू नका, वळण केबलच्या जाडीच्या बारापट तरी त्रिज्येचं हवं.

सासऱ्यांच्या पाइपाबद्दल. कठड्यावर उघडा पांढरा पीव्हीसी पाइपही काही वर्षांत ठिसूळ होतो, पण तोवर आतली वायर सुरक्षित असते. पाइप बदलणं वायर बदलण्यापेक्षा सोपं. त्यामुळे सासरे चूक नाहीत. फक्त पाइप काळा घ्या किंवा वरून रंग मारा, आणि खालच्या बाजूला पाणी निघायला भोक ठेवा. दोन्ही टोकं बंद केली की आत दव साठतं.

शेंगाचटणी

बघा, पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

माळढोक

खरी-खोटी केबल कशी ओळखायची तेही लिहा कोणीतरी. मागच्या महिन्यात एकाने मला ‘तांब्याची’ म्हणून जी दाखवली ती तारेवर पातं फिरवल्यावर आतून चंदेरी निघाली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. (कथील लावलेल्या तांब्याचं उलटं, ते वरून चंदेरी आणि आतून लाल. तिथे घाबरायचं नाही.)

धोटा

पीव्हीसी केबलवर आयएस ६९४, आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एल (परवान्याचा) क्रमांक दर थोड्या अंतरावर छापलेला असतो. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. दुकानातच टाका, घरी आल्यावर नाही.

१.५ च्या फ्लेक्सिबलमध्ये बहुधा ०.२५ मिमीच्या ३० तारा असतात. पण तारा मोजून पक्कं काही कळत नाही, तार बारीक असू शकते. अख्खं १०० मीटरचं बंडल घेत असाल तर एका टोकाला दोन कोअर एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावा. २० अंशांना २.६६ ओहमच्या आत यायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात ४० अंश धरले तर २.९ पर्यंत चालेल. साडेतीन-चार आलं तर बंडल परत. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करायचा.

रबर खरं आहे का बघायचं तर तुकड्याला तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवा. पीव्हीसी वितळून चिकटतं. खरं रबर वितळत नाही, करपतं. रबराचा फक्त मॅट फिनिश दिलेलं पीव्हीसी यात लगेच सापडतं.

मांडववाला

हे करून बघितलं आत्ता. माझ्याकडच्या चार बंडलांतलं एक वितळलं. रबराच्या भावात घेतलं होतं. दुकानदाराला गाठतो.

रेघोटी

डीबीकडचं पण ठरवून घ्या. बाहेरच्या दिव्यांची लाइन वेगळी, तिला स्वतंत्र एमसीबी (ओव्हरलोडला पडणारी) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारी). घराच्या एकाच आरसीसीबीवर बाहेरचं जोडलं की पहिल्या पावसात फाटकाचा दिवा भिजतो आणि अख्खं घर अंधारात. मग घरमालक वैतागून आरसीसीबीच काढून टाकायला सांगतो. असं झालेलं पाहिलंय.

भीमाकाठ

आमच्याकडं तसंच झालं. आरसीसीबी सारखी पडती म्हणून वायरमनला काढाय लावली. मग काय, परत बसवू का?

रेघोटी

बसवाच दादा. ती पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधायची. बहुतेक वेळा दोन कारणं. एक ओला जॉइंट. दुसरं, बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला. गेलेला करंट आरसीसीबीतूनच परत आला पाहिजे, दुसऱ्या वाटेने आला की ती पडणारच. तिचा काही दोष नाही.

आणि आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्याला एमसीबीच हवी. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ मागा.

पाहुणा_पुण्याचा

दिवे तर एलईडीचे, मग अर्थची तिसरी कोअर कशाला? दोन कोअर घेऊन पैसे वाचतील.

धोटा

दिव्याची बॉडी धातूची असेल तर अर्थ हवाच. एलईडी असला तरी आत २३० येतंच, आणि ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या भागाची) वायर घासून बॉडीला लागली की खांबाला हात लावणाऱ्याला कळतं. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा, त्याला अर्थ लागत नाही. तुमच्या दिव्यावर ती खूण दिसली तर जरूर दोन कोअर घ्या. फाटकाचे लोखंडी दिवे बघितलेत त्यावर मला तरी अजून दिसली नाही.

गच्चीवाला

सगळ्यांचे आभार. काल सासऱ्यांना आणि वायरमनला समोरासमोर बसवून ठरवलं ते असं. कठड्यावर काळ्या पाइपातून १.५ ची वायर, प्रत्येक फ्लडजवळ बॉक्स, तिथून मीटरभर तीन कोअर १.५ ची ईपीआर-सीएसपी रबर. फाटकापर्यंत आर्मर्ड. बागेत १२ व्होल्ट, ट्रान्सफॉर्मर आंब्यापासून लांब, चौकोनी बॉक्समध्ये, दोन लाइन ४ च्या. बाहेरच्या लाइनला वेगळी आरसीबीओ. वायरमन २.५ वरून खाली यायला तयार नव्हता, रोधाचा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर म्हणाला, ‘तुमचं घर, तुम्ही बघा.’ पण काम करतोय.

दोन शंका राहिल्या. बॉक्सला केबल कुठून घालायची आणि काम झाल्यावर मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारून घेऊ का?

धोटा

बॉक्सला वरून भोक अजिबात पाडायचं नाही. केबल खालून, फार तर बाजूने, तीही झोल देऊन. वायरमन सवयीने वरून पाडतो, तिथे उभे राहा.

मेगर माराच, ५०० व्होल्टचा. पण त्याआधी सगळे एलईडी दिवे आणि ट्रान्सफॉर्मर सोडवून ठेवा, नाहीतर ड्रायव्हर जातील आणि दोष केबलवर येईल. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल तिन्ही बघा. निदान एक मेगओहम हवा. नव्या कोरड्या कामात तो कितीतरी वर येतो, एकदोनच्या आसपास आला तर कुठेतरी क्लिप आवरणातून आत गेलीय असं समजा आणि शोधा. पहिला मोठा पाऊस झाल्यावर परत एकदा मारून घ्या आणि दोन्ही आकडे डीबीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.

केबल बांधायला पांढरे नायलॉनचे टाय नको, उन्हात तुटतात. काळे, उन्हासाठीचे मागा, आणि आवरणात रुतेपर्यंत आवळू नका.

गच्चीवाला

शेवटचं. फ्लडबरोबर जो ग्लँड आलाय त्यात ही रबर केबल जातच नाहीये. दुकानात बघितलेली तीन कोअर १.५ ची बरीच जाड दिसते.

रेघोटी

पीजी ९ (ग्लँडच्या मापाचा नंबर) असेल तो, साधारण ४ ते ८ मिमी जाडीच्या केबलसाठी. तीन कोअर १.५ ची रबर सव्वानऊ मिमीपासून पुढे असते, उत्पादकाप्रमाणे ११ च्या वरही जाते. १० च्या आत असेल तर पीजी ११, वर असेल तर पीजी १३.५. दिव्याचं भोक मोठं करता येणार नसेल तर तो शेवटचा मीटर १ चौ. मिमीच्या हलक्या रबरात घ्या, तुमच्या लोडला ती भरपूर होते. पण तीही ८ च्या आत बसते का ते आधी मोजा. ग्लँड आणायला जाताना केबलचा वीतभर तुकडा खिशात घेऊन जा आणि दुकानातच आवळून, ओढून बघा. हाताने ओढल्यावर सरकली तर एक नंबर खालचा मागा.